हॉल्टर नेक, दोन ट्रायल आणि मानेवरची सुरगाठ

केशरचनेच्या पहिल्या ट्रायलहून घरी आले तेव्हा डोक्यातून ३१ पिना निघाल्या. माझी नोकरी हिशेबाची, मोजायची सवय जात नाही. दुसऱ्या बाईंच्या हातच्या केशरचनेतून १४ निघाल्या आणि ती रात्री साडेअकरापर्यंत जागची हलली नव्हती. हा रिव्ह्यू या दुसऱ्या बाईंच्या सेवेचा आहे. त्या घरी येऊन केस करून देतात. पण पहिल्या सलूनमध्ये काय झालं ते सांगितल्याशिवाय दुसरी का पटली ते कळायचं नाही, म्हणून ती रडकथा आधी. सलूनचं नाव लिहीत नाही.

त्याआधी ड्रेस. मामेभावाच्या लग्नाच्या संध्याकाळच्या पार्टीसाठी घेतलेला, गडद हिरव्या क्रेपचा, पायघोळ. समोर गळा उंच, अगदी गळपट्टीसारखा. दोन्ही पट्टे मानेमागे नेऊन सुरगाठीचा बो बांधायचा आणि त्याची टोकं पाठीवर वीतभर मोकळी सोडायची. पाठ जवळजवळ कमरेपर्यंत उघडी. जनावराच्या तोंडाला बांधायच्या दोराला इंग्रजीत हॉल्टर म्हणतात, त्यावरून या गळ्याला हे नाव पडलं. हे ज्ञान मी वहिनीला पाजळलं आणि पस्तावले. "म्हणजे म्होरकीच की गं!" त्या दिवसापासून घरात त्या ड्रेसचं नाव म्होरकी.

आणि मी. कॉलेजात असताना सहा वर्षं पोहले, त्याचे रुंद खांदे अजून अंगावर आहेत. केस खांद्याखाली चार बोटं, सरळ, बारीक आणि इतके गुळगुळीत की रबर लावला तरी तासाभरात घरंगळतो. हॉल्टरचा काठ मानेपासून काखेकडे तिरका उतरतो, त्यामुळे खांदे अख्खे उघडे पडतात आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. ज्यांचे खांदे अरुंद किंवा उतरते आहेत त्यांना हा गळा वरदान. माझ्यासारखीला जरा डोकं चालवावं लागतं, शब्दशः.

सलूनमधल्या मुलीने मला आरशासमोर बसवलं आणि टॅबवर पन्नासेक फोटो दाखवले. सगळे समोरून काढलेले. "मॅम, तुमचा फेस ओव्हल आहे, तुम्हाला काहीही सूट होईल." 'काहीही सूट होईल' ऐकल्यावर खरं तर उठून निघायला हवं होतं. पण कौतुक कोणाला नको असतं? मी बसून राहिले. तिने मानेवर सैलसर अंबाडा घातला, कानाजवळ दोन बटा सोडल्या आणि स्प्रेचा डबा डोक्यापासून वीतभर अंतरावर धरून असा मारला की कानामागे पांढरा कोंडा धरल्यासारखं झालं. तो किमान दीड वीत लांबून मारायचा असतो, हे मला नंतर कळलं. तरी समोरच्या आरशात मी बरी दिसत होते, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर पहिली पंचाईत अशी की मी गोल गळ्याचा टी-शर्ट घालून गेले होते. तो डोक्यावरून काढताना निम्मा अंबाडा त्याच्याबरोबर गेला. ही चूक माझी, पण येताना पुढून बटणं असलेला शर्ट घाला, एवढं वाक्य अपॉइंटमेंट घेताना फोनवर कोणी बोललं असतं तर काय बिघडलं असतं? उरलेला अंबाडा पुन्हा खोचला, म्होरकी चढवली, बो बांधला. अंबाडा बरोब्बर बोच्या डोक्यावर बसला. मान जरा वर केली की बो अंबाड्याला ढकलायचा, खाली घातली की अंबाडा बोला चेपायचा. माझी अकरा वर्षांची लेक मागून बघत होती. म्हणाली, "आई, तुला दोन अंबाडे आहेत का?"

सलूनला फोन केला. उत्तर मिळालं की बन असाच बसतो, आणि बदल हवा असेल तर दुसरी ट्रायल घ्या, तिचे पैसे वेगळे. विषय संपला.

या दुसऱ्या बाईंचा नंबर ऑफिसातल्या मैत्रिणीने दिला. फोनवर त्यांनी चेहऱ्याचा आकार विचारलाच नाही. पहिला प्रश्न होता, "ताई, गळा मागे कशाने बंद होतो? गाठ, बटण की हूक?" माझ्या हिशेबात अर्धे गुण त्यांनी तिथेच मिळवले. मग ड्रेस घालून मागून काढलेले दोन फोटो मागवले, एक मान सरळ ठेवून आणि एक हनुवटी छातीला टेकवून. केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी धुतलेले केस फार निसरडे होतात म्हणाल्या. कंडिशनर फक्त टोकांना. जे कानातलं घालणार तेच काढून ठेवा. उंच गळ्यावर गळ्यातलं घालायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त कानांवर होती.

ट्रायलला त्यांनी आधी मला ड्रेस घालायला लावला आणि वरून कापड पांघरलं. मग मागे उभं राहून माझ्या बोवर दोन बोटं आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "इथून खाली ड्रेसचं राज्य. माझं काम याच्या वर." तेवढ्यात मला माझ्या दोन अंबाड्यांचा उलगडा झाला. सलूनमध्ये सगळं काम माझ्या चेहऱ्याकडे बघून झालं होतं, आणि हॉल्टरचा सगळा भार, सगळी बांधणी असते मानेमागे.

त्यांनी तीन प्रकार करून बघितले. पहिला उंच पोनी. पाच मिनिटांत रद्द. माझी शेपटी नेमकी बोवर येऊन टेकायची आणि त्यातून हिरव्या पट्ट्यांऐवजी उंदराची शेपूट लोंबते आहे असं दिसायचं. केस दाट असते आणि शेपटी गाठीच्या वर संपली असती किंवा चांगली खाली गेली असती, तर शोभली असती म्हणाल्या.

दुसरा प्रकार माझा हट्ट होता: केस मोकळे, लाटा काढून एका खांद्यावर घेतलेले. अशा फोटोंनी माझ्या मनात आधीच घर केलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की हे खोल व्ही गळ्याच्या हॉल्टरवर छान दिसतं, कारण तिथे समोर मोकळी जागा असते. उंच गळ्यावर हनुवटीखाली कापड, त्यावर केस, सगळी गर्दी होते. पण केलं त्यांनी. प्रत्येक बट केस कुरळे करायच्या गरम नळीवरून काढली की गरम असतानाच गुंडाळून डोक्याला पिनेने अडकवायची आणि गार झाल्यावर सोडायची. उष्णतेने केसातले काही नाजूक बंध सुटतात आणि गार होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. गरम बट तशीच सोडली की तिचा आकार उतरतो, आणि हवेतल्या दमटपणानेही पुढे तेच होतं. माझ्या लाटा चांगल्या पडल्या होत्या. "आता वीस मिनिटं घरात फिरा," म्हणाल्या आणि चहा पीत बसल्या. मी फिरले, खाली वाकून लेकीचे बूट उचलले, वर बघून घड्याळ पाहिलं. बारा मिनिटांत निम्मे केस पट्ट्याखाली गेले. ते सोडवायला बो सोडला, पुन्हा बांधला आणि पाचसहा केस गाठीतच आवळले गेले. डोळ्यांत पाणी आलं. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि कंगवा उचलला.

तिसरा प्रकार ठरला. हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकाला स्पर्श करत एक तिरकी रेघ मागे न्यायची आणि ती डोक्यावर जिथे संपते तिथे अंबाडा. मानेवर नाही, टाळूवरही नाही. केसांच्या मुळाशी पोत आणणारी पावडर चोळली, मग माझे निसरडे केस हाताला सुती दोऱ्यासारखे लागायला लागले. पोनी बांधून तिच्या दोन बटा केल्या, एकमेकींभोवती पिळल्या आणि गोल फिरवून बसवल्या. सलूनच्या ३१ आणि या १४ पिनांतला फरक इथे कळला. साध्या काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची असते. मी आयुष्यभर ती वर ठेवत आले, दिसायला तीच बरी दिसते म्हणून. जिथे जोर हवा तिथे दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या. आणि यू-पिन सरळ खुपसायची नाही: तिने आधी अंबाड्याच्या काठाचे थोडे केस उचलायचे, मग ती उलटी वळवून अंबाड्याच्या पोटाकडे सरकवायची. ती आत जाताना अंबाडा घट्ट झाल्याचं डोक्याला जाणवतं. मी आता सकाळी ऑफिसला जाताना तसंच करते.

मग त्यांनी जे केलं ते मी कधीच केलं नसतं. डोक्याच्या वरच्या भागातले केस कंगव्याच्या दांड्याने बोटभर उचलून फुगवले. माझी समजूत अशी की हॉल्टर म्हणजे चापूनचोपून बसवलेला, चकचकीत अंबाडा. त्यांनी एकदा चापून दाखवलं आणि मागच्या भिंतीजवळून फोटो काढला. माझ्या खांद्यांवर ते डोकं म्हणजे मोठ्या बरणीला छोटं बूच. फुगवल्यावर काढलेल्या फोटोत खांदे तेवढेच होते, पण आता डोकं त्यांच्या बरोबरीचं वाटत होतं. मानेवरचं बाळजावळ जुन्या टूथब्रशवर थोडं जेल घेऊन वर वळवलं, गाठ मारताना आधी तेच अडकतं म्हणून.

ही सगळी अक्कल नवी नाही म्हणा. १९५५ च्या 'द सेव्हन इयर इच' चित्रपटातला मेरिलिन मन्रोचा तो चुण्यांचा पांढरा ड्रेस आठवा, विल्यम ट्रॅव्हिलाने केलेला. तो हॉल्टरच आहे, आणि तिचे कुरळे केस मानेच्या वरच संपतात. २०१८ च्या मे महिन्यात लग्नाच्या संध्याकाळी मेगन मार्कलने घातलेला, स्टेला मॅकार्टनी या डिझायनरने केलेला ड्रेस तर माझ्यासारखाच उंच गळ्याचा, आणि केस वर बांधलेले. माझ्या एका मैत्रिणीचे केस मानेलाही पोचत नाहीत. तिला हॉल्टर घालायचा तर फक्त कानातलं निवडायचं असतं. हेवा वाटतो.

मागे बो नसून बटणाची पट्टी असेल तर अंबाडा खाली, पट्टीच्या लगेच वर घेता येतो, चांगला दिसतो. पट्टे दोरीसारखे बारीक असतील आणि गाठ लपवायची असेल तर खालचा अंबाडा ती झाकतोही. लांब दाट केसांची एकच वेणी उघड्या पाठीवर सरळ सोडलेली मला फार आवडते, पण मग बो नको, दोघांचं पटत नाही.

आता तक्रारी. बाई ट्रायलला चाळीस मिनिटं उशिरा आल्या, फोन मीच केला. बरोबर उभा दिवा आणतात पण मागचं दाखवायला आरसा नाही. लेकीने मोबाइल धरून काम भागवलं. ट्रायल दीड तासाची ठरली होती, अडीच तास चालली. त्यांना जे पटत नाही ते करतात, पण चेहऱ्यावरची नापसंती लपत नाही. ज्यांना आपलं ठरलेलंच करून हवं असतं त्यांनी बोलवू नये. जेल जायला दोनदा केस धुवावे लागले. प्रत्यक्ष दिवशी मात्र वेळेवर आल्या आणि ५० मिनिटांत सगळं संपवलं. डाव्या कानामागची एक यू-पिन टोचत होती, ती मी जेवताना काढून पर्समध्ये टाकली. अंबाडा हलला नाही. पाचपैकी चार गुण, एक उशिराचा कापला.

नाचताना नऊच्या सुमारास बो सुटला. पुढचा गळा मी हाताने धरून उभी. वहिनीने गर्दीत मागून हाक मारली, "अगं थांब, म्होरकी सुटली!" आणि अर्ध्या मिनिटात बांधून दिली. एकही केस अडकला नाही.