अ‍ॅरेत कचरा: व्हॅलग्राइंड घ्यावा की अ‍ॅड्रेस सॅनिटायझर?

नाशिकच्या फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये हमखास फसणारा सी भाषेतला प्रोग्राम घेऊन, मेमरीतल्या चुका पकडणारी ही दोन्ही फुकट टूल्स तपासली. लासलगावचे पाच दिवसांचे कांद्याचे भाव अ‍ॅरेत, म्हणजे ० ते ४ क्रमांकांच्या सलग घरांत घ्यायचे, सरासरी काढायची. रोज १८०० टाकले, तरी उत्तर ७९९३!

गोम अशी, की आकडे वाचून घेणाऱ्या स्कॅनएफचं लूप १ ते ५ फिरतं, बेरजेचं ० ते ४. शून्याच्या घरात कोणी काही भरतच नाही. स्टॅकवर (फंक्शनच्या व्हेरिएबल्ससाठीच्या मेमरीत) आधीचं जे पडलेलं असेल ते मोजलं जातं. इथे ते ३२७६७ होतं. टर्बो सी या जुन्या कंपायलरची सवय असलेल्यांना ही इंटची (पूर्णांकाची) कमाल मर्यादा वाटेल. ६४ बिट लिनक्सवर हा सहसा स्टॅकच्या एखाद्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग असतो, म्हणून ३२७६४ ते ३२७६७ हे आकडे वारंवार दिसतात.

सॅनिटायझर जीसीसी या कंपायलरमध्येच असतो. कंपाइल करताना ‘मायनस जी’ आणि ‘मायनस एफसॅनिटाइझ इक्वल्स अ‍ॅड्रेस’ हे पर्याय दिले की झालं. ५ हा इंडेक्स (घराचा क्रमांक) अ‍ॅरेबाहेर जातो, तिथेच ‘स्टॅक बफर ओव्हरफ्लो’ म्हणून प्रोग्राम थांबतो. रिपोर्ट लांबलचक येतो. त्यात ‘इन मेन’ असलेली ओळ शोधा, लाइन नंबर तिथेच मिळेल. वेगही फार मंदावत नाही. पण स्कॅनएफचं लूप १ ते ४ केलं की हे टूल गप्प! न भरलेलं घर त्याला दिसतच नाही.

ते दिसतं व्हॅलग्राइंडला. सॅनिटायझर काढून साध्या ‘मायनस जी’ने पुन्हा कंपाइल करा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. चालवताना ‘मायनस मायनस ट्रॅक ओरिजिन्स इक्वल्स येस’ द्यायला विसरू नका, नाहीतर तक्रार उत्तर छापणाऱ्या प्रिंटएफच्या पोटातली दिसते आणि मूळ कळत नाही. उलट स्टॅकवरच्या अ‍ॅरेबाहेरचं लिखाण याच्या नजरेतून सुटतं. शिवाय हा जाम हळू. पाच आकड्यांच्या प्रोग्रामला मात्र काही फरक पडत नाही. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू हे लिनक्स टाकावं. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर यातलं काहीच नाही.

‘अ‍ॅरेत आधी शून्य भरून टाक’ हा सिनियर्सचा लाडका सल्ला इथे घातक. पहिले चार भाव बरोबर जमतात, पण शून्याच्या घरात शून्यच राहतं आणि पाचवा भाव मोजलाच जात नाही. सरासरी दर वेळी १४४० येते, व्हॅलग्राइंडही काही बोलत नाही. स्कॅनएफचं लूप शून्यापासून सुरू करून पाचच्या आत थांबवा, तेव्हा १८०० येतील.