अनंत म्हणून मिळालेली तगर : एका रोपवाटिकेचा वर्षभराचा अनुभव

पुणे-सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला गेले की रोपवाटिकांची रांगच लागते. त्यांपैकी एका मोठ्या रोपवाटिकेतून गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी अनंताची 3 रोपे प्रत्येकी 180 रुपयांना घेतली. अभिप्राय लिहायला वर्ष लावले, कारण रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली टवटवीत दिसणारे रोप घरच्या कुंडीत रुळते की नाही, हे निदान एक उन्हाळा गेल्याशिवाय कळत नाही. इथे तर तिसरे रोप अनंताचे नव्हतेच.

रोपांच्या प्रकृतीबद्दल मात्र तक्रार करता येणार नाही. पिशवी कापली तेव्हा मुळे पांढरी व मोकळी होती, पिशवीच्या तळाशी त्यांची गुंडाळी झालेली नव्हती, आणि अनंताच्या कोवळ्या शेंड्यांवर हटकून बसणारा पिठ्या ढेकूण एकाही फांदीवर आढळला नाही. वाहतुकीसाठी रोपे ओल्या गोणपाटात नीट बांधून दिली होती.

घोळ झाला तो ओळखीत. तिन्ही पिशव्यांवर ‘अनंत’ अशीच चिठ्ठी होती. परंतु घरी एका रोपाचे पान चुकून तुटले आणि देठातून पांढरा चीक आला, तेव्हा ती डबल (दुहेरी पाकळ्यांची) तगर असल्याचे लक्षात आले. तगर ही कण्हेरीच्या कुळातील, त्यामुळे तिला चीक असतो (तो डोळ्यांत जाऊ देऊ नये). अनंत हा कॉफीच्या कुळातील, त्याला असा दुधाळ चीक नसतो. दोन्ही झुडपे सदाहरित, दोघांची पाने समोरासमोर येणारी, गडद व तकतकीत, आणि दोघांची फुले पांढरी, तेव्हा फुलांवर नसलेले रोप नजरेने ओळखताना माणूस फसू शकतो, हे मान्य आहे. तरीही रोज हीच रोपे हाताळणाऱ्यांना एक पान तोडून पाहणे अवघड नव्हते. पान तोडायचे नसेल तर पेरावर पाहावे : अनंताच्या दोन देठांच्या मध्ये पातळ उपपर्ण (देठाच्या तळाशी येणारे छोटे पानासारखे अंग) असते आणि ते शेंड्याला म्यानासारखे वेढून असते; शिवाय कळीखालचा हिरवा निदलपुंज उभ्या कंगोऱ्यांचा असून त्याची टोके लांब व निमुळती असतात. फूल असेल तर प्रश्नच उरत नाही. अनंताचा दाट सुगंध लपत नाही आणि त्याची पाकळी एक-दोन दिवसांत पिवळसर होत जाते. तगरीचा वास मंद, तोही रात्री अधिक. नावांचा घोळ तगरीच्या नशिबी नवा नाही म्हणा. आयुर्वेदातील तगर ही मुळातच निराळी वनस्पती आहे.

रोप परत नेल्यावर काउंटरवरच्या मुलाने ‘दोन्ही पांढरीच की’ असे म्हणून हात झटकले. मालकांनी मात्र पान तोडून खात्री करून घेतली, खऱ्या अनंताचे रोप विनामूल्य दिले आणि तगरही माझ्याकडेच राहू दिली. जाण्यायेण्याचा खर्च अर्थातच माझा.

अधिक गंभीर आक्षेप मला त्यांच्या सल्ल्यावर घ्यावासा वाटतो. ‘पाने पिवळी पडली तर चुलीची राख घाला,’ असे तिथे सांगण्यात आले. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण 5 ते 6 असावा, आणि राख तर माती अल्कधर्मी करते. आमच्याकडे बोअरचे जड, म्हणजे क्षार जास्त असलेले, पाणी असल्यामुळे फेब्रुवारीत नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. राखेच्या वाटेला न जाता मी चिलेटेड (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातल्या) लोहाची फवारणी केली, मातीत कोकोपीट व थोडे गंधक मिसळले आणि पावसाचे साठवलेले पाणी दिले, तेव्हा महिनाभराने पाने सावरली. कुंडीला सकाळचे ऊन आणि दुपारी सावली ठेवली आहे. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नये, हेही त्यांनी सांगायला हवे होते; मी एकदा बदलली आणि जवळजवळ सगळ्या कळ्या गळाल्या.

याउलट तगरीने काहीही मागितले नाही. तेच पाणी, साधे शेणखत, आणि कुंपणाजवळ ती रोज देवापुरती फुले देते.

180 रुपये या आकाराच्या रोपाला वाजवी आहेत. तेथून रोपे घ्यायला हरकत नाही, पण अनंत फुलावर असतानाच घ्यावा, नाहीतर पैसे देण्यापूर्वी एक पान तोडून पाहावे. या पावसाळ्यात मला तिथून कुंती आणायची आहे. तिचे पान चुरगळले की लिंबाच्या जातीचा वास येतो, तो आल्याशिवाय रोप गाडीत ठेवणार नाही.