परदेशात एकटं पडलेल्यांसाठी: ‘अ‍ॅना अँड द फ्रेंच किस’

स्टेफनी पर्किन्सचं हे पुस्तक २०१० चं, म्हणजे मला वाचायला बराच उशीर झाला, आणि नाव बघून तर मी ते हातातही घेतलं नसतं, पण भाचीने महिनाभर डोकं खाल्लं म्हणून घेतलं आणि दोन रात्रीत संपवलं. नावावर अजिबात जाऊ नका.

गोष्ट अशी की अ‍ॅना सतरा वर्षांची, अटलांटाची. बाबा खपणाऱ्या कादंबऱ्या लिहून बक्कळ पैसे कमावलेले, त्यांना वाटतं मुलगी पॅरिसला शिकली की शान वाढेल, म्हणून शाळेच्या शेवटच्या वर्षाला तिला थेट तिथल्या अमेरिकन बोर्डिंगमध्ये टाकतात. मैत्रीण, धाकटा भाऊ, थिएटरमधला पार्टटाइम जॉब, सगळं मागे राहतं. मग भेटतो एटिएन सेंट क्लेअर, नाव फ्रेंच, बोलणं लंडनचं, आई अमेरिकन, आणि उंचीला अ‍ॅनापेक्षा कमी. हे मला फार आवडलं, दर वेळी सहा फुटी हिरोच कशाला पाहिजे!

पण मला विचाराल तर पुस्तकाचा जीव लव्हस्टोरीत नाही, पहिल्या पन्नासेक पानांत आहे. पहिल्याच रात्री अ‍ॅना खोलीत रडतेय, भिंतीपलीकडच्या मेरेडिथला ते ऐकू येतं, ती दार वाजवते आणि तिला आपल्या खोलीत नेऊन गरम चॉकलेट देते. बस एवढंच. मेसमधला मेनू फ्रेंचमध्ये म्हणून ही पोरगी ऑर्डर द्यायला घाबरते, सिनेमाचं एवढं वेड पण तिकीट कसं मागायचं कळत नाही म्हणून थिएटरकडे फिरकत नाही. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. २०१४ ला मी प्रोजेक्टसाठी श्टुटगार्टला गेले तेव्हा पहिले आठ दिवस कोपऱ्यावरच्या बेकरीतून फक्त ब्रेत्सेल (पीळ दिलेला खारट जर्मन पाव) आणून खाल्ली कारण मला ‘आइने ब्रेत्सेल, बिटे’ (एक ब्रेत्सेल द्या, प्लीज) एवढं एकच वाक्य धड येत होतं, आणि नवव्या दिवशी शेजारची पोलिश बाई बिटाच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात आली, तिला इंग्रजी येईना मला पोलिश, आम्ही दोघी ओट्याशी उभ्या उभ्याच जेवलो. ते लालभडक सूप अजून डोळ्यासमोर आहे.

पॅरिस पण छान उतरलंय. नोत्र दाम या जुन्या चर्चसमोर ‘प्वाँ झेरो’ आहे, फरशीत बसवलेला ब्राँझचा तारा, फ्रान्समधल्या रस्त्यांची अंतरं तिथून मोजतात. अ‍ॅना त्यावर उभी राहून इच्छा मागते. २०१९ ला आग लागली तेव्हा तो सगळा परिसर बंद झाला होता, आता डिसेंबर २०२४ पासून चर्च परत उघडलंय, त्यामुळे कुणी जाणार असेल तर तो तारा बघाच.

आता राग कशाचा आला तर एटिएनचा. त्याला आधीची गर्लफ्रेंड आहे, तिला धड सोडत नाही आणि इकडे अ‍ॅनाला झुलवत ठेवतो, आणि लेखिका त्याची आई आजारी, बाप जुलमी असं सांगून त्याला सांभाळून घेते. आई आजारी असल्याचं वाईट वाटतंच हो, पण म्हणून त्या दुसऱ्या मुलीने काय घोडं मारलंय? मधली शंभर पानं यातच जातात. शिवाय सगळी पैसेवाल्यांची मुलं, पॅरिसची साधी माणसं फारशी भेटतच नाहीत.

इंग्रजी एकदम सोपं, कॉलेजची पोरं सहज वाचतील. मी ऑनलाइन मागवलेल्या कॉपीची पानं दुसऱ्याच रात्री सुटायला लागली, त्यामुळे दुकानात हातात घेऊन बघून घ्या नाहीतर सरळ ईबुक घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. मावसबहीण ऑक्टोबरात हॅम्बर्गला एमएसला चाललीये, तिच्या बॅगेत भाजणीच्या डब्याशेजारी हे ठेवणार आहे आणि तिला सांगणार आहे, निदान मेरेडिथपर्यंत तरी वाच.