सेन्सरचा हॅलोजन एलईडीवर नेताना: नळी बदलायची, पेटी बदलायची, की सगळंच?

कुणी फाटकापाशी आलं की भक्कन पेटणारा हॅलोजन बंगल्यांच्या कोपऱ्यांवर, गोठ्यांवर आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अजून दिसतो. नळी उडाली की दुकानदार एलईडी पुढे करतो. सल्ला बरोबरच आहे, पण काय घ्यायचं हे नळी पाहून ठरत नाही. ते सेन्सर पाहून ठरतं. हॅलोजनवर वर्षानुवर्षं नीट चाललेला सेन्सर एलईडी लावल्याबरोबर लुकलुकायला लागतो आणि दोष नव्या दिव्यावर जातो.

आधी पैशांचा हिशोब

बिल कमी व्हावं एवढ्याच हेतूने बदलत असाल तर थांबून आकडे बघा. रात्रीत दिवा ३० वेळा, प्रत्येकी १ मिनिट पेटला, तर तो रोज अर्धा तास चालतो. ५०० वॅटची नळी महिन्याला ७.५ युनिट खाते. युनिटला ८ रुपये धरले तर ६० रुपये. ५० वॅटचा एलईडी त्याच वेळेत पाऊण युनिट, म्हणजे ६ रुपये. फरक ५४ रुपयांचा. १५० वॅटच्या नळीऐवजी २० वॅट लावलात तर महिन्याला जेमतेम १५ रुपये वाचतील.

दिवा रात्रभर पेटलेलाच राहत असेल तर गोष्ट वेगळी. ५०० वॅट, ११ तास, ३० रात्री: १६५ युनिट, १,३२० रुपये. पण तिथे बिघाड सेन्सरमध्ये आहे, आणि एलईडी लावला तरी तो बिघाड तसाच राहील.

बदलण्याची खरी कारणं दुसरी आहेत. ५ टक्के जास्त व्होल्टेजला हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि गावाकडे रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चढतं. उलट २३०चं २०० झालं की प्रकाश एक तृतीयांशाहून जास्त घटतो. चांगला ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं आतलं सर्किट) असलेल्या एलईडीला या चढउताराचं फारसं काही वाटत नाही. शिवाय लाईट गेल्यावर ५०० वॅटची नळी घरगुती इन्व्हर्टरवर टाकता येत नाही. थंड तार पेटताना क्षणभर दहापटीच्या आसपास करंट ओढते आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. ३० वॅटचा एलईडी त्याच इन्व्हर्टरवर बिनबोभाट चालतो. अंधारात सेन्सरचा दिवा सगळ्यात जास्त लागतो तो लाईट गेल्यावरच.

सेन्सरला तारा किती?

एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि सेन्सरमागचं झाकण उघडा.

तीन तारा असतील तर बहुतेक वेळा तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि लाल म्हणजे दिव्याकडे जाणारी. दिवा लागताना आतून 'टक्' असा रिलेचा, म्हणजे विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचा, आवाज येतो. एलईडीसाठी हाच सेन्सर सोयीचा, कारण त्याला स्वतःपुरती वीज न्यूट्रलमुळे वेगळी मिळते.

दोनच तारा असतील, म्हणजे तो साध्या स्विचच्या जागी बसवलेला असेल, तर अडचण आहे. न्यूट्रल नसल्याने हा सेन्सर आपल्यापुरता थोडा करंट दिव्यातूनच ओढतो. हॅलोजनच्या तारेतून एवढासा करंट गेला तर ती साधी कोमटही होत नाही. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र त्या थेंबाथेंबाने भरतो, भरला की दिवा क्षणभर चमकतो, मग पुन्हा भरायला लागतो. बंद दिवा रात्रभर मिचमिचतो तो यामुळे. काही दिवे मंद काजव्यासारखे सतत उजळलेले राहतात.

त्यावर तोडगा म्हणजे दिव्याच्या फेज-न्यूट्रलमध्ये समांतर लावलेला ०.१ ते ०.२२ मायक्रोफॅरडचा, अंगावर 'एक्स२' आणि २७५ व्होल्ट एसी छापलेला कपॅसिटर. तो बंद डबीत बसवायचा. पंख्याचा जुना कपॅसिटर घरात पडलाय म्हणून तो जोडू नका. त्याची क्षमता दहापटीहून जास्त असते आणि तो या कामाचा नाही. खरं तर कपॅसिटरचं ठिगळ लावण्यापेक्षा न्यूट्रलची एक तार ओढून तीन तारांचा सेन्सर बसवणं कधीही बरं. वायरमनचं तासाभराचं काम, पण कटकट कायमची जाते.

सेन्सरच्या लेबलवर बऱ्याचदा दोन आकडे असतात, एक तारेच्या दिव्यांसाठी आणि दुसरा, बराच लहान, एलईडीसाठी. 'ह्याने ५०० वॅट ओढलेत, ५० वॅट म्हणजे काय!' हा हिशोब फसवा आहे. एलईडी ड्रायव्हर चालू होताना त्याचा कपॅसिटर मिलिसेकंदाच्याही आत भरतो आणि तेवढ्यात रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते. एका फ्लडलाइटने सहसा काही होत नाही. पण एकाच सेन्सरवर चार-पाच दिवे समांतर टाकले की रिलेची टोकं चिकटतात आणि दिवे बंदच होत नाहीत. जास्त दिवे हवे असतील तर सेन्सरने एक कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा दणकट रिले) चालवावा आणि दिवे कॉन्टॅक्टरवरून घ्यावेत.

तीन पर्याय शेजारी-शेजारी

| | फक्त नळी बदलणे | सेन्सर तोच, पेटी नवी | सेन्सरसह नवा संच |
|---|---|---|---|
| काम | १० मिनिटं, फक्त शिडी | तासाभराचं, जोडणी नव्याने | तासाभराचं, भिंतीत नवी भोकं |
| मिळणारा प्रकाश | साधारण १,००० ते १,८०० ल्युमेन | हवा तेवढा | मॉडेलवर अवलंबून |
| दोन तारांचा सेन्सर | मिचमिच होण्याची शक्यता मोठी | तीच अडचण | प्रश्न मिटतो, पण न्यूट्रल हवी |
| पुढे बिघडलं तर | नळी बदला | सेन्सर किंवा दिवा, जे बिघडलं ते बदला | बऱ्याचदा सगळंच फेका |

*नळी.* हॅलोजनच्या या दोन टोकांच्या नळीला आर७एस म्हणतात. लांबी ७८ किंवा ११८ मिलिमीटर. १५० ते ५०० वॅटच्या सहसा ११८च्या. एलईडी नळी लांबीला तंतोतंत जुळते, पण जाडीला नाही. हॅलोजन नळी पेन्सिलीहून थोडी जाड, एलईडीची २० ते ३० मिलिमीटर. परावर्तकाच्या खोबणीत ती टेकते, काच बंद होत नाही. काच नीट बसली नाही की पहिल्याच पावसात पाणी आत. म्हणून दुकानात जाताना पेटीची आतली खोली मोजून न्या, नळीची लांबी सांगून भागत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. ५०० वॅटचा हॅलोजन ९,००० ल्युमेनच्या वर प्रकाश देतो, ३०० वॅटचा ५,०००च्या आसपास, १५० वॅटचा २,२०० ते २,५००. खोक्यावर '५०० वॅटच्या बरोबरीची' असं लिहिलेल्या १५ वॅटच्या नळीवर विश्वास ठेवू नका, ल्युमेनचा आकडा वाचा. उष्णतेचं मात्र जेवढं घाबरवलं जातं तेवढं इथे खरं नाही. बंद पेटीत एलईडी तापून मरतो हे रात्रभर जळणाऱ्या दिव्याला लागू. मिनिटभर पेटून विझणाऱ्या दिव्याला तापायला वेळच मिळत नाही. त्यामुळे १००-१५० वॅटच्या जागी, पेटी ऐसपैस असेल आणि सेन्सर तीन तारांचा असेल, तर नळी हा मार्ग वाईट नाही. ५०० वॅटच्या जागी ती अंगणात अंधारच पाडेल.

*पेटी.* म्हणजे सेन्सर तोच ठेवून जुन्या पेटीच्या जागी अख्खा एलईडी फ्लडलाइट. तीन तारांचा धडधाकट सेन्सर हाताशी असेल तर आमची पसंती याला. किती वॅटचा दिवा घ्यायचा? चांगला एलईडी वॅटला १०० ल्युमेनच्या जवळपास देतो, म्हणजे ५०० वॅटची कागदोपत्री बरोबरी ९०-१०० वॅटला होते. पण जुन्या पेटीत बराच प्रकाश परावर्तकात आणि धुळकट काचेतच जिरत होता, त्यामुळे ७० वॅट पुरतो. आणि साध्या बंगल्याच्या अंगणाला मुळात ५०० वॅटची गरज नव्हतीच. बाजारात तेच मिळत होतं. तिथे ३० वॅट भरपूर. शेतघराच्या खळ्याला किंवा पार्किंगच्या लांब पट्ट्याला ५०.

जोडताना जुन्या पेटीतल्या तारा पुन्हा वापरायच्या नाहीत. हॅलोजनच्या उष्णतेने त्यांचं आवरण कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. सेन्सरची लाल तार नव्या दिव्याच्या फेजला, दिव्याची न्यूट्रल सरळ न्यूट्रलला, हिरवी-पिवळी तार अर्थिंगला. फ्लडलाइटची बॉडी धातूची असते, त्यामुळे अर्थिंगची तार गुंडाळून ठेवून देण्याची सवय जीवघेणी आहे. जोड आयपी६५च्या, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणाऱ्या, जंक्शन बॉक्समध्ये घ्या. ग्लँड (तार आत शिरते तिथलं घट्ट आवळायचं बूच) खालच्या बाजूला ठेवा आणि तार बॉक्सात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न जाता झोळावरून खाली टपकेल. सेन्सर दिव्यापासून फूटभर तरी लांब आणि दिव्याच्या खाली असावा.

घेताना मागच्या बाजूला ड्रायव्हरची वेगळी डबी असलेला दिवा बघा. स्वस्तातल्या सपाट दिव्यांत ड्रायव्हरचे भाग एलईडीच्या पट्टीवरच असतात. वीज चमकली किंवा व्होल्टेज उसळलं की पट्टीसकट जातात. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधा.

*नवा संच.* सेन्सर दोन तारांचा असेल, पिवळा पडून ठिसूळ झाला असेल किंवा त्याचं भिंग तडकलं असेल, तर जुन्याला कवटाळण्यात अर्थ नाही. संचात सेन्सर आणि ड्रायव्हर एकमेकांसाठीच बनवलेले असल्याने मिचमिच होत नाही. दोन गोष्टी मात्र तपासा. दिवा आयपी६५ आणि सेन्सर मात्र त्याहून कमी संरक्षणाचा आयपी४४ अशी जोडी सर्रास विकली जाते. कोकणातल्या आडव्या पावसात उघड्या भिंतीवर आयपी४४ टिकणार नाही, तो वळचणीखालीच बसवा. आणि वेळ व उजेडाची बटणं फिरवता येतात का ते पाहा. काही मॉडेलांत वेळ कारखान्यातच ठरलेली असते.

पीआयआरऐवजी (अंगाची उष्णता हलताना टिपणाऱ्या नेहमीच्या सेन्सरऐवजी) मायक्रोवेव्ह रडारचा सेन्सर बाहेर टाळा. त्याला पातळ भिंतीपलीकडची हालचालही दिसते, त्यामुळे रस्त्यावरची गाडी आणि हलणारी केळीची पानं दोन्ही दिवा पेटवतात. सोलरचा दिवा तार नेता येत नाही अशा जागेपुरता ठीक. आषाढ-श्रावणात बॅटरी पुरी भरत नाही आणि प्रकाशही हॅलोजनच्या पासंगाला पुरत नाही.

रंग, पाखरं आणि पाल

दुकानात न सांगता मिळतो तो ६,५०० केल्विनचा पांढराफटक दिवा. हॅलोजन ३,००० केल्विनच्या आसपास होता. पांढऱ्या-निळसर प्रकाशावर पाखरं जास्त येतात, पाखरांमागे कोळी आणि पाल येते, आणि पाल सेन्सरच्या भिंगावरून फिरली की दिवा उगाच पेटतो. ३,००० केल्विन मागून घ्या.

सीसीटीव्ही असेल तर आणखी एक फरक पडतो. हॅलोजनमधून भरपूर इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा, पण कॅमेऱ्याला रात्री दिसणारा प्रकाश) बाहेर पडायचं, एलईडीमधून जवळजवळ नाहीच. दिवा पेटला की कॅमेरा रात्रीच्या मोडमधून दिवसाच्या मोडमध्ये जातो, आणि त्या दोन-तीन सेकंदांत चित्र पांढरं पडतं. नेमका माणूस आत शिरतानाचा क्षण हातचा जातो. दिवा कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला लावा आणि पेटण्याची वेळ ३ मिनिटांपर्यंत वाढवा.

बसवल्यावर काय बिघडतं

दिवा टक्-टक् करत पेटतो-विझतो, पूर्ण लागतच नाही: सेन्सरमधला वीज पुरवणारा एक्स२ कपॅसिटर झिजलाय. रिले ओढायला जातो, आतलं व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, पुन्हा तेच. नवा दिवा निर्दोष आहे, सेन्सर बदला.

तीन तारांचा सेन्सर असूनही बंद दिवा मंद उजळतो: सेन्सरमधून फेजऐवजी न्यूट्रल तोडली गेलीय. असा दिवा बंद दिसला तरी आत फेज जिवंत असते, म्हणून हे आधी दुरुस्त करा.

विझला की पाच सेकंदांत आपोआप पुन्हा पेटतो: सेन्सरला दिव्याची तापलेली बॉडी किंवा समोरच्या पत्र्यावरून येणारा उजेड दिसतोय. सेन्सर वळवा.

साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर वेड्यासारखं वागतो: त्या लहरीने सेन्सरचा कपॅसिटर तापतो, आणि असं रोज झालं तर तो जळतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा. लाईट परत आल्यावर अर्धा-एक मिनिट दिवा आपोआप लागतो तो मात्र बिघाड नाही, सेन्सर तयार होत असतो.

जुळवणी दिवसाच करा: उजेडाचं बटण सूर्याच्या चिन्हावर, वेळ कमीत कमी, मग कुणाला तरी अंगणात चालायला सांगा. सरळ सेन्सरकडे नव्हे तर आडवं चालायला सांगा, कारण पीआयआर आडवी हालचाल लवकर पकडतो. फाटकाकडे तोंड करून बसवलेला सेन्सर म्हणूनच उशिरा जागा होतो. उंची दोन ते अडीच मीटर. आणि ही जुळवणी विदर्भात मे महिन्यात केलीत तर पल्ला कमी भरेल, कारण भिंत आणि माणूस दोघंही ३७ अंशांच्या आसपास असतात आणि सेन्सरला त्यांच्यातला फरक दिसत नाही. 'सेन्स'चं (संवेदनशीलतेचं) बटण तेव्हा पूर्ण वर नेलं असेल तर डिसेंबरात ते खाली आणायला विसरू नका, नाहीतर गल्लीतलं प्रत्येक मांजर दिवा पेटवील.