गालिचा: पाण्याने धुवायचा की कोरडाच साफ करायचा?

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर कोरडीच सफाई करा. पावसाळी हवेत भिजलेला गालिचा कित्येक दिवस वाळत नाही. कुबट वास येतो, तळाला ताग असेल तर त्याचा तपकिरी रंग वर चढून डाग पडतात.

गालिचा उलटा टाकून पाठ थोपटा, खाली पडलेली रेती झाडून घ्या, मग सुलट करून व्हॅक्यूम सावकाश उभा-आडवा फिरवा. वासावर खाण्याचा सोडा भुरभुरून अर्ध्या तासाने ओढून घ्या. लोकरीवर मात्र सोडा नकोच. चपलांबरोबर आलेली तांबडी माती ओली असताना पुसलीत तर धाग्यात मुरते. ती पूर्ण वाळू द्या, चमच्याच्या कडेने खरवडा, मग व्हॅक्यूम.

सगळीकडे चिकट मळ बसला असेल तर पाणीच हवं, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये. आधी ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दाबा. रंग उतरला तर धुवू नका. 10 लिटर गार पाण्यात दोन चमचे सौम्य लिक्विड साबण, मऊ ब्रश लवीच्या दिशेने. साबण राहिला तर धूळ लवकर चिकटते, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. वायपरने निथळून बाजेवर सावलीत पसरा. ओला गालिचा दोरीवर टाकलात तर वजनाने ताणून वाकडा होतो.