‘बॅकलाइट गेलाय’ म्हणणाऱ्याला प्लाझ्मा टीव्ही उघडू देऊ नका

आवाज येतो, पडदा काळा. मागचं झाकण काढायच्या आधीच मेकॅनिक सांगतो, "बॅकलाइट गेलाय, इन्व्हर्टर बोर्ड टाकावा लागेल." एलसीडी टीव्हीबाबत हे खरं असू शकतं: तिथे पडद्यामागे दिवा, म्हणजे बॅकलाइट असतो आणि इन्व्हर्टर त्याला वीज देतो. प्लाझ्मात बॅकलाइट नसतोच. पॅनलच्या प्रत्येक बारीक कप्प्यात निऑन-झेनॉनचं मिश्रण असतं, व्होल्टेज दिलं की त्यातून अतिनील किरणं निघतात आणि ती फॉस्फरवर पडून रंग उजळतो. म्हणजे प्लाझ्माच्या बिलावर इन्व्हर्टर लागला असेल तर तो सायकलला लावलेल्या रेडिएटरसारखा समजावा. "गॅस कमी झालाय, भरून देतो" हाही याच जातीचा प्रकार. पॅनलच्या दोन काचा कारखान्यात कायमच्या सीलबंद केलेल्या असतात. काच तडकली की पॅनल संपलं, त्यात कुणी काही भरू शकत नाही.

ही खोटी कारणं ऐकताक्षणी पकडता येतात. जास्त पैसे जातात ते खऱ्या बोर्डांच्या नावांत आणि नंबरांत. त्यासाठी आत कुठे काय असतं हे एकदा बघून ठेवावं. फक्त बघावं, हात लावू नये. पॉवर सप्लायच्या वीज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

मागून पाहिलं तर भिंतीतून येणारी वायर ज्यावर उतरते, ज्यावर ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि जाडजूड कॅपॅसिटर दिसतात, तो पॉवर सप्लाय. एचडीएमआयची सॉकेटं ज्यावर आहेत तो मेन बोर्ड. मेन बोर्डाकडून चित्राचा सिग्नल आणणारी पातळ एलव्हीडीएस केबल ज्या लहानशा, चिपांनी भरलेल्या बोर्डात शिरते तो लॉजिक किंवा कंट्रोल बोर्ड. डाव्या कडेला मोठ्या हीटसिंकचा बोर्ड आणि त्याच्या व काचेच्या मध्ये उभी, एकसारख्या आयसींची रांग असलेली पट्टी दिसली, की मोठा तो वाय-मेन आणि पट्टी म्हणजे वाय-बफर, जो वाय-मेनचं व्होल्टेज पडद्याच्या एकेका आडव्या ओळीला वाटतो. बफरच्या बहुधा वरची आणि खालची अशा दोन पट्ट्या असतात. उजव्या कडेला तसाच हीटसिंकवाला पण बफर नसलेला बोर्ड म्हणजे दुसऱ्या बाजूचा सस्टेन, म्हणजे कप्पे पेटते ठेवणारं व्होल्टेज देणारा. खालच्या कडेने आडवे पातळ बोर्ड पसरलेले असतात, त्यांच्यातून पिवळसर-तपकिरी लवचिक पट्ट्या काचेकडे जातात. ते अॅड्रेस बोर्ड, ते पडद्याचे उभे स्तंभ चालवतात.

नावांचा गोंधळ इथेच सुरू होतो आणि तो फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. सॅमसंगमध्ये ‘एक्स-मेन’ म्हणजे उजवीकडचा सस्टेन. एलजीत तोच ‘झेड-सस’, आणि एलजीच्या ‘एक्स बोर्ड’ या नावाने खालचे अॅड्रेस बोर्ड ओळखले जातात. पॅनासॉनिकमध्ये डावीकडचा ‘एससी’, उजवीकडचा ‘एसएस’, बफर ‘एसयू’ आणि ‘एसडी’, अॅड्रेस ‘सी१’, ‘सी२’, लॉजिक ‘डी’, मेन ‘ए’, पॉवर ‘पी’. फोनवर नुसता "एक्स बोर्ड बदलला" असा निरोप आला तर कंपनी कोणती आणि बोर्ड डावा, उजवा की खालचा, एवढं विचारावं. खरं काम केलेला माणूस क्षणात सांगतो.

सगळ्यात महाग पडणारी फसवणूक वाय-मेनची. ती लबाडीही असते आणि कधी नुसता आळसही, पण खिशाला फरक सारखाच. आवाज आहे, चित्र नाही. वाय-मेनचा फ्यूज उडालेला किंवा ट्रान्झिस्टर शॉर्ट सापडतो. बोर्ड बदलला जातो, टीव्ही काही मिनिटं किंवा काही दिवस चालतो आणि नवा टाकलेला बोर्डही जळतो. मग "व्होल्टेज वर-खाली झालं" म्हणून दुसऱ्या बोर्डाचे पैसे मागितले जातात. मूळ दोष बहुतेक वेळा बफरमध्ये असतो: तिथला एखादा आयसी आतून शॉर्ट झालेला असतो आणि तोच प्रत्येक वाय-मेन खातो. त्यामुळे वाय-मेन बदलताना बफर तपासलाच पाहिजे. आधी डोळ्यांनी, कारण गेलेल्या आयसीवर अनेकदा टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा फुगवटा दिसतो. मग बोर्ड सुटा करून मल्टिमीटर डायोड रेंजवर ठेवून फ्लोटिंग ग्राउंड (बफरचा स्वतःचा ग्राउंड, टीव्हीच्या धातूच्या पाठीचा नव्हे) आणि आउटपुटच्या पायांमध्ये. सगळ्या पायांवर जवळपास सारखं रीडिंग हवं. एकावर शून्य आलं तर ती पट्टी बाद. तुमच्यासमोर ही पाच-दहा मिनिटांची तपासणी करायला जो तयार नाही, त्याच्या वाय-मेनवरच्या हमीला काही अर्थ नाही.

आडव्या-उभ्याचा नियमही पाठ असावा. पडद्याचा आडवा पट्टा गायब असेल तर संशय बफरवर. रुंद उभा पट्टा गायब असेल तर अॅड्रेस बोर्डावर किंवा त्याच्या लवचिक पट्टीवर. एकच केसासारखी उभी रेघ कायम एका रंगाची दिसत असेल तर दोष बहुधा लवचिक पट्टीतल्या चिपचा किंवा काचेतल्या तारेचा. ती पट्टी काचेला कारखान्यात दाबून चिकटवलेली असते, बोर्ड बदलून रेघ जात नाही. उभ्या रेघेसाठी वाय-मेन विकणारे आहेत, आणि तो विकला जातोही.

आता नंबर. बोर्डावर दोन वेगळे नंबर असतात आणि ग्राहकाला मुद्दाम चुकीचा दाखवला जातो. हिरव्या फायबरवर छापलेला नंबर भाग न बसवलेल्या कोऱ्या बोर्डाचा असतो; बारकोडच्या पांढऱ्या स्टिकरवरचा नंबर भाग बसवून तयार झालेल्या बोर्डाचा. सॅमसंग पॅनलच्या बोर्डांवर छापील ‘एलजे४१’ने सुरू होतो, स्टिकरवरचा ‘एलजे९२’ने. एलजीत छापील ‘ईएएक्स’, स्टिकरवर ‘ईबीआर’. पॅनासॉनिकमध्ये छापील ‘टीएनपीए’, लेबलवर ‘टीएक्सएन’. एकाच कोऱ्या बोर्डावर वेगवेगळे भाग बसवून वेगवेगळ्या पॅनलांचे बोर्ड बनवले गेले, म्हणून छापील नंबर जुळला तरी बोर्ड लागू पडेल असं नाही. शेवटचं इंग्रजी अक्षरसुद्धा बघा. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत स्टिकर बोटाखाली झाकलेलं असेल, खरवडलेलं असेल किंवा बाकीचा बोर्ड धुळकट आणि तेवढंच स्टिकर कोरं करकरीत असेल, तर पैसे पाठवू नका.

टीव्हीच्या मॉडेल नंबरावरून बोर्ड मागवणंही धोक्याचं. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या काळात वेगवेगळी पॅनलं बसवली गेली आणि एकच पॅनल वेगवेगळ्या ब्रँडच्या टीव्हीत गेलं. पॅनलच्या पाठीवर त्याचा स्वतःचा कोड असतो. तो आणि स्टिकरचा नंबर, दोन्ही जुळले पाहिजेत.

"कंपनीचा नवा बोर्ड" हा शब्दप्रयोग ऐकला की कान टवकारावेत. पायोनियरने २००९ साली या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, पॅनासॉनिकने २०१३ अखेर उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. आज मिळणारे बहुतेक बोर्ड फुटलेल्या पॅनलच्या टीव्हीतून काढलेले किंवा दुरुस्त केलेले असतात. त्यात वाईट काही नाही, चांगला काढलेला बोर्ड वर्षानुवर्षं चालतो. पण त्याला नव्याचा भाव देऊ नये. हीटसिंकच्या कडेची धूळ, स्क्रूच्या भोकाभोवतीचे घासल्याचे चरे आणि पुन्हा केलेल्या झाळणीची चकाकी यावरून कळतं.

उलट्या दिशेची चोरीही होते. टीव्ही दुकानात नेला, चांगला पॉवर सप्लाय काढून तिथे दुसऱ्याचा दुखणाईत बसवला, आणि दोन महिन्यांनी "आता पॉवर गेला". टीव्ही देण्यापूर्वी झाकण काढायला लावून प्रत्येक बोर्डाच्या बारकोडचा वाचता येईल असा फोटो घ्या, आणि कोपऱ्यात, भाग नसलेल्या जागी, मार्करने बारीकशी खूण करायला लावा. काढलेला जुना बोर्ड परत मागा. तो "कंपनीला जमा करावा लागतो" असं म्हणत असतील, तर एक्स्चेंजची सूट बिलावर लिहून द्यायला सांगा.

बोर्ड बसवल्यावर काम संपत नाही, आणि इथे अनेक जण हात झटकून मोकळे होतात. पॅनलवर एक स्टिकर असतं. त्यावर त्या पॅनलपुरती व्होल्टेजं लिहिलेली असतात: व्हीएस (सस्टेनचं) साधारण १८० ते २१० व्होल्टच्या घरात, व्हीए (अॅड्रेसचं) साधारण ५५ ते ७० च्या, शिवाय कंपनीप्रमाणे व्हीस्कॅन, व्हीसेट किंवा उणे व्हीवाय. दुसऱ्या टीव्हीतून आलेला बोर्ड त्या टीव्हीच्या आकड्यांवर लावलेला असतो. पॉवर सप्लाय आणि वाय-मेनवरचे छोटे प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे रेझिस्टर) फिरवून हे आकडे स्टिकरशी जुळवावे लागतात. न जुळवल्यास काळ्या भागात लाल-हिरवे ठिपके लुकलुकतात, आणि मग "पॅनल जुनं झालंय, नवा टीव्ही घ्या" असा सल्ला मिळतो. पैसे देण्याआधी झाकण उघडं असतानाच मल्टिमीटरवर व्हीएसचं रीडिंग दाखवायला सांगा आणि त्याला स्टिकरशेजारी मीटर धरायला लावून फोटो काढा.

"मेन बोर्डही गेलाय" असं वर आणखी सांगितलं गेलं, तर त्याचीही परीक्षा आहे. बऱ्याच पॅनलांच्या लॉजिक बोर्डावर आतली चाचणी सुरू करण्यासाठी जंपर किंवा दोन पिन असतात. एलव्हीडीएस केबल काढून ती चाचणी लावली की मेन बोर्डाच्या मदतीशिवाय पडदा पांढरा किंवा रंगीत उजळतो. उजळला तर वाय-मेन, उजवा सस्टेन, बफर, लॉजिक सगळे बहुधा शाबूत आणि दोष मेन बोर्डाकडे किंवा त्याच्या केबलकडे. नाही उजळला तर मेन बोर्ड विकत घेण्याची घाई करू नका.