ॲगाथा ख्रिस्ती यांचे आत्मचरित्र : विकत घेण्याआधी

इंग्रज रहस्यकथाकार ॲगाथा ख्रिस्ती यांचे इंग्रजी आत्मचरित्र घ्यावे की नाही, हे ते कशासाठी घ्यायचे आहे यावर अवलंबून आहे. १९२६ सालच्या डिसेंबरात या बाई अकरा दिवस नाहीशा झाल्या होत्या, त्याचा उलगडा निदान त्यांच्याच तोंडून होईल, या आशेने जो पैसे मोजेल त्याची निराशा ठरलेली आहे. मात्र बापाची मिळकत आटत चाललेल्या घरातील एक लाजाळू मुलगी लिहायला कशी लागली, त्या लिहिण्याचा व्यवसाय केव्हा झाला आणि तो व्यवसाय तिने युद्ध, घटस्फोट, करखाते आणि म्हातारपण यांतून अर्धशतक कसा चालवला, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याने हे पुस्तक निःशंकपणे घ्यावे. रहस्यकथा लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणी आपल्या कामाबद्दल इतके सरळ आणि इतके कमी मिरवून लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

प्रतीविषयी आधी सांगून मोकळी होते. सोलापुरात हे पुस्तक दुकानाच्या फळीवर उभ्या उभ्या मिळेल अशी आशा धरू नये. नवी पेठेतील माझ्या नेहमीच्या विक्रेत्याने ते मागवून दिले आणि त्यासाठी थोडी वाट पाहावी लागली. पाचशेहून जास्त पाने, मऊ पुठ्ठा आणि बारीक टाइप, असा सगळा जामानिमा आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर, त्या मिणमिणत्या दिव्यात, छातीवर तोलून धरून वाचण्याचे हे पुस्तक नव्हे. माझ्या प्रतीतील छायाचित्रे काळवंडलेली आहेत, पण शेवटी दिलेली नामसूची उपयोगी आहे आणि बांधणी पक्की आहे. ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी ई-पुस्तक घेऊन अक्षर मोठे करून वाचावे, हे अधिक सोयीचे पडेल.

सुरुवातीचा बराच मोठा भाग टॉर्की या समुद्रकाठच्या गावातील ॲशफील्ड नावाच्या घरात जातो. १५ सप्टेंबर १८९० रोजी जन्मलेल्या या धाकट्या मुलीला लहानपणी शाळेत घातले नाही. मुलांना आठ वर्षांची होईपर्यंत वाचू देऊ नये असे आईचे ठाम मत होते, आणि मुलगी पाचव्याच वर्षी आपली आपण वाचायला शिकली. ती अकरा वर्षांची असताना वडील वारले आणि घर राहणार की विकावे लागणार, ही काळजी मागे लागली. हे सारे गोड आहे, पण स्वयंपाकीण, दाई, मोलकरणी, मेजवान्यांतील पदार्थ आणि मनातल्या मनात खेळलेले खेळ यांचा पसारा इतका आहे की मध्येच पाने उलटावीशी वाटतात. खुशाल उलटावीत. फक्त तापातून उठलेल्या, अंथरुणात कंटाळलेल्या मुलीला आई ‘मग एखादी गोष्ट का लिहीत नाहीस?’ असे सुचवते तो भाग आणि शेजारी राहणारे कादंबरीकार ईडन फिलपॉट्स यांनी तिचे कच्चे हस्तलिखित वाचून दिलेला सल्ला, एवढे चुकवू नये.

माझ्या दृष्टीने पुस्तकाचे सोने आहे ते त्यानंतर, पहिल्या महायुद्धाच्या काळातील रुग्णालयाच्या औषधालयात. माझे आयुष्य सोलापुरात औषधांच्या काउंटरमागे गेले, कार्मिनेटिव्ह मिक्श्चर ढवळून बाटल्या भरण्याचे दिवसही मी पाहिले, त्यामुळे या भागाला माझे झुकते माप असेल हे आधीच मान्य करते. ॲगाथाबाई आधी परिचारिका म्हणून लागल्या, मग औषधालयात आल्या आणि १९१७ साली त्यांनी औषधे बनवून देण्याची परीक्षा उत्तीर्ण केली. शिकवणीसाठी त्यांना गावातील एका नावाजलेल्या औषधविक्रेत्याकडे पाठवले होते. त्याचे नाव त्यांनी पुस्तकात केवळ आद्याक्षराने दिले आहे. एके दिवशी त्याने सपोझिटरी, म्हणजे गुदमार्गे द्यायच्या औषधी वड्या, तयार करताना दशांशचिन्हाची जागा चुकवली आणि मात्रा दसपट झाली, हे शिकाऊ मुलीच्या लक्षात आले. गुरूला चूक दाखवण्याची प्राज्ञा नाही आणि माल तर रुग्णाकडे जाणार, अशा कोंडीत तिने ठेच लागल्याचे सोंग करून ते सगळे खाली पाडले आणि पायाखाली तुडवले. मेट्रिक पद्धतीत चूक झाली की ती दहा पटींनीच होते, हा त्यांचा शेरा औषधाच्या धंद्यातील कोणालाही आतून पटेल. औषध देणाऱ्याला शेजारच्या माणसाची चूक कशी दिसते आणि ती दिसल्यावर जीव कसा घाबरा होतो, हे इतक्या नेमकेपणाने मी अन्यत्र वाचलेले नाही.

याच गृहस्थाने एकदा खिशातून कुरारे या विषाचा एक गोळा काढून दाखवला आणि तो जवळ बाळगल्याने आपल्यात बळ आल्यासारखे वाटते असे सांगितले. हा माणूस लेखिकेच्या मनात सुमारे पन्नास वर्षे राहिला आणि १९६१ सालच्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीत उतरला. त्या कादंबरीत थॅलियम या विषारी धातूच्या बाधेची लक्षणे इतकी बिनचूक आहेत की १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कतारहून आणलेल्या एका तान्ह्या मुलीचा आजार डॉक्टरांना उमगत नसताना, ती कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेला थॅलियमची शंका आली आणि ती खरी ठरली. ही घटना आत्मचरित्रात असणे शक्य नव्हते, कारण लेखिका १२ जानेवारी १९७६ रोजी वारल्या होत्या. हे आत्मचरित्र छापून आले तेही त्याच १९७७ साली.

पहिली कादंबरी, ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’, या औषधालयातच सुचली. काम कधी तुंबून पडे तर कधी दुपारभर काहीच नसे, भोवती फडताळात विषाच्या बाटल्या, आणि ‘तुला रहस्यकथा जमायची नाही’ असे थोरल्या बहिणीने डिवचलेले. गावात बेल्जियन निर्वासित आले होते, त्यांतून त्यांचा बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो निघाला. त्या कादंबरीतील खुनाची युक्ती मी येथे सांगणार नाही, पण बाटली हलवून औषध घ्यावे असे आम्ही लेबलवर का लिहितो ते ज्याला ठाऊक आहे, त्याला ती विशेष आवडेल. औषधविक्रेत्यांच्या एका व्यावसायिक नियतकालिकाने या कादंबरीतील विषांच्या अचूक हाताळणीची तारीफ केली, आणि त्या अभिप्रायाचे लेखिकेला फार अप्रूप वाटले. ते मला अगदी समजते.

पैशाविषयी या बाई जितक्या मोकळेपणाने बोलतात तितक्या मोकळेपणाने आपल्याकडचे लेखक क्वचित बोलतात. १९२० साली आलेल्या त्या पहिल्या पुस्तकाचे त्यांना २५ पौंड मिळाले, तेही मालिकारूपाने छापण्याच्या हक्कातील वाटा म्हणून. शिवाय पुढची पाच पुस्तके त्याच प्रकाशकाला देण्याचे कलम करारात होते आणि ते त्यांनी धड न वाचता सही केली होती. पुढे ‘द मॅन इन द ब्राउन सूट’ या कादंबरीसाठी एका सायंदैनिकाने ५०० पौंड देऊ केले तेव्हा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्या रकमेतून मॉरिस काउली मोटार आली, आणि आयुष्यातील सर्वांत रोमांचक अशा दोन गोष्टींत त्यांनी या मोटारीची गणना केली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे राणीबरोबर बकिंगहॅम राजवाड्यात घेतलेले जेवण. ज्या लेखिकेच्या पुस्तकांच्या सुमारे दोन अब्ज प्रती खपल्या असे मानले जाते, तिने राजवाड्याशेजारी पहिली गाडी मांडावी, यात सगळे आले.

आता त्या १९२६ सालाविषयी. आईचा मृत्यू, ॲशफील्डमधील सामान उपसण्याचे एकटीवर पडलेले काम, खाणे-झोप उडालेली, आणि त्यातच नवऱ्याने, आर्ची ख्रिस्ती यांनी, आपले दुसऱ्या स्त्रीवर मन जडल्याचे सांगणे, इतके सारे लेखिका सांगतात आणि तेथे थांबतात. सोडून दिलेली मोटार, पोलिसांचा शोध, वृत्तपत्रांचे मथळे, हॅरोगेटच्या हॉटेलात दुसऱ्याच नावाने नोंद करून राहणे, यांपैकी एक अक्षर पुस्तकात नाही. ही गाळलेली जागा मला खटकली नाही. नवऱ्याने सोडलेल्या बाईने चार लोकांसमोर सगळे उकलून दाखवलेच पाहिजे, असा आग्रह धरणारे आपण कोण? परंतु ग्राहक म्हणून हे माहीत असायला हवे, कारण विक्रीच्या जाहिरातीत बहुधा हेच प्रकरण पुढे केले जाते.

त्याऐवजी मिळते ते मला अधिक मोलाचे वाटते. त्या पडझडीनंतर मुलीला घेऊन त्या कॅनरी बेटांवर गेल्या आणि १९२८ साली प्रसिद्ध झालेली ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ ही कादंबरी तेथे अक्षरशः ओढूनताणून लिहिली. लिहिण्यात आनंद नव्हता, कथा आवडत नव्हती, पण पैसा हवा होता. आपण हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका झालो ती याच क्षणी, असे त्या म्हणतात: इच्छा नसताना, जमत नसताना, लिहीत असलेले आवडत नसतानाही लिहावे लागणे, हे त्या व्यवसायाचे ओझे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर, नंतर सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदवर वाढलेल्या आपल्या वाचकांच्या पिढ्यांनी त्या लेखकांच्या लिहिण्याच्या वेगाचे कौतुक तरी केले किंवा त्यांना नाके तरी मुरडली. त्या वेगाखाली माणसाचे काय होत असेल, हे विचारायचे राहूनच गेले. आपल्या रहस्यकथाकारांपैकी कोणी असे विस्तृत आत्मचरित्र लिहिले असते तर ते मी पहिल्या दिवशी विकत घेतले असते.

याच्या नेमके उलटे उदाहरणही पुस्तकात आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयाच्या औषधालयात पुन्हा कामाला होत्या. त्या काळात मेरी वेस्टमकॉट या टोपणनावाने त्यांनी ‘ॲबसेंट इन द स्प्रिंग’ ही रहस्याशी संबंध नसलेली कादंबरी तीन दिवसांत लिहून काढली, आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक सोडून जाण्याचा धीर होईना म्हणून त्यांनी रुग्णालयाला चक्क दांडी मारली. याच युद्धकाळात त्यांनी पॉयरो आणि त्यांची दुसरी गुन्हे उलगडणारी नायिका मिस मार्पल यांच्या शेवटच्या कादंबऱ्या लिहून तिजोरीत ठेवल्या, एक मुलीसाठी आणि एक दुसऱ्या नवऱ्यासाठी, मॅक्स मॅलोवन यांच्यासाठी, म्हणजे बॉम्बहल्ल्यात आपले बरेवाईट झाले तर त्यांना मिळकत राहील. मध्यमवर्गीय बाई विम्याचे हप्ते भरते तशी ही व्यवस्था.

पुस्तकाचा उरलेला जीव पश्चिम आशियात आहे. १९२८ साली वेस्ट इंडीजची तिकिटे काढलेली असताना एका जेवणाच्या टेबलावर बगदादचे वर्णन ऐकले आणि त्यांनी ती तिकिटे बदलून ओरिएंट एक्सप्रेस पकडली. पुढे इराकमधील उर या प्राचीन नगराच्या उत्खननावर त्यांची मॅक्स मॅलोवन या तरुण पुरातत्त्वज्ञाशी ओळख झाली आणि सप्टेंबर १९३० मध्ये विवाह झाला. हे आत्मचरित्रही १९५० साली इराकमधील निमरूदच्या उत्खननस्थळी, ५० पौंडांत बांधून घेतलेल्या कच्च्या विटांच्या खोलीत सुरू झाले. तेथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तूंच्या खाचांत रुतलेली माती काढायला बारीक विणकामाची सुई आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम सर्वांत उपयोगी पडले, इतके की शेवटी चेहऱ्यासाठी क्रीमच उरले नाही, असे त्या सांगतात. आपल्यापैकी ज्यांनी धाराशिव जिल्ह्यातील तेरला जाऊन तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीविषयी ऐकले-पाहिले आहे, त्यांना या पानांवर थबकावेसे वाटेल. असली नाजूक वस्तू मातीतून बाहेर येते तेव्हा तिच्या बाजूला कोणीतरी तासन्‌तास बसलेले असते, आणि येथे ती व्यक्ती कोण हे आपल्याला माहीत आहे.

उणिवा सांगायच्या तर कथानके कशी रचली याबद्दल अपेक्षेपेक्षा बरेच कमी आहे. पॉयरोला सुरुवातीलाच म्हातारा केला आणि त्यामुळे त्याचे वय हिशेबाबाहेर गेले, ही कबुली गमतीची आहे; पण ‘रॉजर ॲक्रॉयड’सारख्या कादंबरीची घडण समजून घेऊ पाहणाऱ्याला येथे पोटभर मिळत नाही. नाटकांवरचा भाग घाईत उरकला आहे. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झालेले ‘द माउसट्रॅप’ फार तर आठ महिने चालेल असा त्यांचा अंदाज होता, आणि त्या नाटकाचे हक्क त्यांनी नातवाला देऊन टाकले होते. कोविडने मार्च २०२० मध्ये थिएटरे बंद करीपर्यंत ते अखंड चालू राहिले. लेखन ऑक्टोबर १९६५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत संपते, त्यामुळे १९७१ साली मिळालेला डेम हा किताब किंवा ऑगस्ट १९७५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलेली पॉयरोची मृत्युवार्ता यांतील काहीही त्यात नाही. काळाचा क्रमही सैल आहे. दोन परिच्छेदांत वीस वर्षे पुढे जाऊन पुन्हा मागे येण्याची सवय आहे, कारण मजकुराचा काही भाग त्यांनी यंत्रावर बोलून उतरवून घेतला होता. त्या ध्वनिफिती २००८ साली नातवाला, मॅथ्यू प्रिचर्ड यांना, सापडल्या, आणि नंतरच्या एका आवृत्तीबरोबर त्यांतील निवडक भागाची सीडी दिली होती. जुन्या पुस्तकांत ती आवृत्ती सीडीसह दिसली तर थोडे जास्त पैसे देऊनही घ्यावी.

इंग्रजी सोपे आहे; वाक्ये बोलल्यासारखी आहेत आणि शब्दकोश फारसा काढावा लागत नाही. त्यांची एखादी कादंबरी मराठी अनुवादातून का होईना वाचलेली असावी, नाहीतर निम्मे उल्लेख वाया जातील. कंटाळा येईल अशी भीती असलेल्यांनी थेट महायुद्धाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि बालपण शेवटी वाचावे. ज्यांना फक्त त्या अकरा दिवसांचेच कुतूहल आहे, त्यांनी या पुस्तकावर खर्च न करता जेनेट मॉर्गन यांनी कुटुंबाच्या संमतीने लिहिलेले १९८४ सालचे चरित्र मागवावे.